ओपन, क्लोज आणि लाइनअप: कर्जत लाइनवरून दिसणारा आकड्यांचा इतिहास

(अंबरनाथ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो, कारण आपण कल्याणच्या पुढे तीन स्टेशनांवर बसलो आहोत आणि हा गैरसमज आपल्याच भागाबद्दल आहे. ‘कल्याण मटका’ या नावाचा आपल्या कल्याणशी काहीही संबंध नाही. तो कल्याणजी भगत नावाच्या माणसाचा मटका. हा माणूस कच्छचा, धंदा वरळीचा. पण मी बाहेरगावी बोलायला गेलो आणि ‘कल्याणजवळून आलो’ म्हटलं, की हमखास एक तरी माणूस डोळे मिचकावतो. (हशा) साठ वर्षं आपण हे ऐकून घेतो आहोत.

आजचा विषय फॅन्टसी स्पोर्ट्स. मोबाईलवर अकरा खेळाडूंची टीम लावायची, पैसे भरायचे, प्रत्यक्ष मॅचमधल्या धावा आणि विकेटवर आपले पॉइंट्स मोजायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केला आणि पैशांचा हा सगळा खेळ जवळजवळ एका रात्रीत थांबला. तेव्हा वर्तमानपत्रांत जे छापून आलं त्यात ‘नव्या पिढीचं नवं व्यसन’ असा सूर होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते ‘नवं’ खटकलं. लांबून कुठून तरी येणारा आकडा, त्यावर लावलेला पैसा आणि ‘हे नशीब नाही, अभ्यास आहे’ ही खात्री, हे तिन्ही मुंबईत दीडशे वर्षं एकत्र नांदताहेत. नवं काय झालं ते वेगळंच आहे, आणि तिथपर्यंत जायला जरा मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत पावसावर सट्टा चालायचा. ठरलेल्या वेळात पाऊस पडेल का, पन्हाळीतून पाणी वाहील का, यावर पैसे लागायचे. आकाशाकडे बघून अंदाज सांगणाऱ्यांना भाव होता. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा तेव्हा नुकताच झाला होता, पण त्यात फासे, पत्ते, जुगाराचा अड्डा अशी भाषा. पाऊस त्यात बसेना. १८८९ मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं, कायद्यातली फट उघडी पडली, आणि १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. तसं बघितलं तर बदलापूरकर आजही जुलैमध्ये रोज सकाळी पावसावर पैज लावूनच गाडीत चढतो, फक्त त्याला जिंकल्यावर काही मिळत नाही.

याच १८८७ च्या कायद्यात तेरावं कलम आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, एवढंच ते म्हणतं. हे कलम लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता कापूस. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने, पुढे टेलिप्रिंटरने मुंबईत यायचा. त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आपल्याकडे आले ते असे, बाजाराच्या घंटेबरोबर. कापसाची गाठ आयुष्यात न पाहिलेला माणूसही न्यूयॉर्कच्या भावावर दोन आणे लावू शकत होता. १९६१ च्या सुमारास तिकडून हे भाव येणं बंद झालं असं सांगतात. आता आकडा कुठून आणायचा? कल्याणजी भगतने १९६२ मध्ये त्यावर उपाय काढला, आकडा इथेच काढायचा. १९६४ मध्ये रतन खत्रीने स्वतःचा वेगळा मटका सुरू केला. मडक्यातल्या चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, तरी नाव मटकाच राहिलं.

रतन खत्री सिंधी, फाळणीत कराचीहून आलेला. इथे जरा थांबतो, कारण उल्हासनगरचे बरेच लोक समोर बसलेत. फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबं दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, आणि ‘कॅम्प नंबर एक ते पाच’ हे पत्ते आजही लष्कराचेच आहेत. त्या माणसांनी पापड लाटले, गाडीत गोळ्या-बिस्किटं विकली, बॅरेकमध्ये कारखाने काढले. एक खत्री मटक्यात मोठा झाला म्हणून अख्ख्या गावाकडे बोट दाखवणं म्हणजे कल्याणजीमुळे कल्याणला बदनाम करण्यासारखंच.

मटका चालायचा कसा, हे तरुण मंडळींना माहीत नसेल. चित्रांचे पत्ते बाजूला ठेवायचे. उरलेल्यांतून तीन पत्ते काढायचे. समजा दोन, पाच, सहा आले. बेरीज तेरा, शेवटचा आकडा तीन. हा झाला ओपन. रात्री पुन्हा तीन पत्ते, त्यांचा येईल तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका आकड्यावर रुपया लावला आणि लागला, तर साधारण नऊ रुपये मिळायचे. जोडीला नव्वदच्या आसपास. आकडे दहा आणि मिळणार नऊ, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे धंदेवाल्याचे. इतकं सरळ गणित. यात कुणी हुशार नाही, कुणी अडाणी नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि गिरणीतला जॉबर, दोघांची हरण्याची सरासरी एकच.

पण हे कुणाला पटायचं का? अजिबात नाही. लोक चार्ट ठेवायचे. वहीत महिन्यामहिन्याचे आकडे, लाल पेनाने गोल केलेले. लालबाग-परळच्या चाळींतून पुढे अनेक कुटुंबं इकडे सरकली; १९८२ च्या संपानंतर तर फारच. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथल्या चाळी आणि सोसायट्या अशाच भरल्या. त्यांच्या ट्रंकांतून अशा वह्याही आल्या असणार. अशी एक वही मी पाहिली आहे. तिच्या मालकाने, वय वर्षं ऐंशी, मला अगदी गंभीरपणे सांगितलं, “मी कधी जुगार खेळलो नाही, मी अभ्यास करायचो.”

खत्रीचं यश कशात होतं? विश्वासात. पत्ते लोकांसमोर काढले जायचे, कधी समोरच्यालाच काढायला सांगायचे, असं म्हणतात. आणीबाणीत तो तुरुंगात गेला, १९७५ च्या ‘धर्मात्मा’ सिनेमातली एक व्यक्तिरेखा त्याच्यावर बेतली होती असं बोललं गेलं, आणि २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये तो वारला. बातमी आतल्या पानावर. त्याच वर्षी आयपीएलचं नाव २२२ कोटी रुपयांना ड्रीम इलेव्हनने घेतलं.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो, आणि अजून एक आहे. ज्या १९६२ मध्ये कल्याणजीने मटका सुरू केला असं मानतात, त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात विल्फ्रेड विंकेनबाख आणि त्याचे दोन-तीन सोबती बसले होते. हा ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा भागीदार. कागदावर आपापला संघ निवडायचा आणि प्रत्यक्ष सामन्यांवरून गुण मोजायचे, हा खेळ त्यांनी तिथे आखला. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये त्यांची पहिली लीग झाली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रंट आणि मित्रांनी बेसबॉलसाठी अशीच लीग काढली, ज्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमत त्यावरून तिचं नाव रोटिसरी पडलं. दोन्ही लीगमध्ये एक गोष्ट समान होती: सगळे एकमेकांना ओळखत होते. हंगाम महिनोन् महिने चालायचा. हरलेल्याला वर्षभर टोमणे.

आपल्याकडे २००१ च्या आसपास ईएसपीएन-स्टारने ‘सुपर सिलेक्टर’ नावाने असा खेळ आणला होता. तेव्हा इंटरनेट सायबर कॅफेत तासावर मिळायचं, त्यामुळे तो हौशी पोरांचा उद्योग राहिला. २००८ मध्ये आयपीएल आलं आणि त्याच वर्षी मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम इलेव्हन काढलं. सुरुवातीला तेही हंगामभराचंच होतं. गाडी चालली नाही. मग त्यांनी एका मॅचपुरता खेळ केला. शंभर क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू, कॅप्टनला दुप्पट पॉइंट्स, व्हाइस कॅप्टनला दीडपट, रात्री निकाल. इथे खेळाचा स्वभावच बदलला. रात्री क्लोज लागायला लागला.

२०१६ मध्ये जिओ आणि यूपीआय, दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने आले. २०१८ मध्ये धोनी जाहिरातीत आला. त्या काळात पैशांचे असे ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवर ठेवता येत नव्हते, ते वेबसाइटवरून उतरवून घ्यायला लागायचे. आता हे काम सांगणार कोण? शेजारी बसलेला माणूस. “माझ्या कोडने टाक, दोघांनाही बोनस.” म्हणजे हा प्रसार लोकलच्या डब्यातून झाला, आणि ज्या लाइनवर प्रवास लांब, तिथे जास्त झाला असावा असा माझा अंदाज आहे. सीएसएमटी ते बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. दीड-पावणेदोन तास. भजनी मंडळ, पत्त्यांचा ग्रुप आणि आता हा तिसरा ग्रुप.

२०१९ ची आयपीएल आठवा. मॅच आठला, टॉस साडेसातला. टॉसनंतर दोन्ही संघांची अंतिम यादी जाहीर व्हायची आणि आठच्या आत आपली टीम पक्की करायची. ही अर्ध्या तासाची खिडकी म्हणजे ऑफिस सुटलेल्या माणसाचा ठाणे-कल्याणमधला वेळ. “लाइनअप आली!” अशी हाक, आणि डबाभर माना खाली. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, बरोबर तिथे रेंज जायची, आणि ज्याचा कॅप्टन बाहेर बसलाय त्याचा जीव बोगदा संपेपर्यंत टांगणीला. मीही त्या डब्यात होतो. लपवत नाही, एकोणपन्नास रुपये मीही भरले आहेत. खात्यातून गेल्याचं समजलंसुद्धा नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईत शब्दकोड्यांचं वेड होतं. आपण आज रविवारी चहाबरोबर सोडवतो ती कोडी वेगळी. त्यात एका जागी दोन-तीन शब्द चालतील अशी सूचना असायची आणि बरोबर कुठला, ते संपादकाच्या पाकिटात. प्रवेश फी, मोठी बक्षिसं. आर. एम. डी. चमारबागवाला यांची अशी स्पर्धा बंगळुरात छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून मुंबई राज्यात यायची. राज्याने कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी त्यात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंत सगळं काढलं आणि सांगितलं, जुगार हा व्यापारच नाही, त्याला व्यापार-स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. त्याच वेळी हेही मान्य झालं, की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असतं तो जुगार नव्हे. १९६७ मध्ये रमी कौशल्याचा खेळ ठरली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत.

साठ वर्षांनी ही ढाल फॅन्टसी ॲपच्या हातात आली. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टात एक याचिका गेली, याचिकाकर्ता स्वतः पैसे हरलेला. कोर्टाने पाहिलं: खेळाडूंचा फॉर्म, खेळपट्टी, आकडेवारी, क्रेडिटचा हिशोब, या सगळ्याला डोकं लागतं. म्हणजे कौशल्य. ३० एप्रिल २०१९ ला आपल्या मुंबई हायकोर्टानेही तेच म्हटलं. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं?

मला विचाराल तर कोर्टाचं चुकलं नाही. कौशल्य आहेच. पण कौशल्य आहे म्हणून खेळ सामान्य माणसाला सुरक्षित आहे, हे कुणी ठरवलं? उलट आहे. मटक्यात समोर पत्ते होते, त्यांना डोकं नव्हतं. इथे समोर माणूस आहे. तो एका मॅचला एक नाही, अनेक टीम लावतो, त्याच्याकडे प्रत्येक मैदानाची आकडेवारी आहे, तो दिवसभर हेच करतो. आणि विरुद्ध बाजूला विम्को नाक्यावरून शिफ्ट सुटल्यावर, उभ्याने, एका हातात डबा धरून एक टीम लावणारा माणूस. अमेरिकेत २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्याचा हिशोब प्रसिद्ध झाला होता: खेळाडूंना झालेल्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा फक्त १.३ टक्के लोकांनी नेला. हे नशिबाने होत नाही, हे कौशल्याने होतं. खेळ जितका कौशल्याचा, तितका नवशिक्या जास्त हमखास हरणार. ज्या मुद्द्यावर कोर्टात कंपनी जिंकत होती, त्याच मुद्द्यावर डब्यातला माणूस हरत होता. १८८७ च्या कायद्याने विचारलेला प्रश्न, कौशल्य की नशीब, आपण सव्वाशे वर्षं घोकत बसलो आणि दुसरा प्रश्न विचारायचाच राहिला: कुणाचं कौशल्य, कुणाचे पैसे?

समाजाचा गोंधळही त्यातूनच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला या खेळात दीड कोटी लागले. पेढे वाटले, मुलाखती दिल्या, आणि आठवड्याभरात निलंबित. हायकोर्टाने वैध म्हटलेला खेळ, भारतीय संघाच्या जर्सीवर त्याच कंपनीचं नाव (२०२३ चाच करार, ३५८ कोटींचा), आणि तोच खेळून जिंकला तर वर्दीला डाग. नेमकं काय समजायचं त्या माणसाने? त्याच ऑक्टोबरपासून सरकारने जमा होणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला होता. म्हणजे प्रत्येक शंभरातले अठ्ठावीस सरकार घेणार, आणि नैतिकतेचं भाषणही सरकारच देणार. २०२५ च्या जुलैमध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खातं बदललं आणि नवं खातं मिळालं क्रीडा. मी यावर काही बोलत नाही. (हशा)

मग २०२५ चा ऑगस्ट. २० तारखेला विधेयक लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस. कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडीत काढला. पैसे लावून ऑनलाइन खेळ म्हटला की बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये हरतात, असा सरकारचा अंदाज होता. ४५ कोटी हा आकडा मला फुगवलेला वाटतो, पण तो निम्मा धरला तरी चित्र बदलत नाही. सप्टेंबरच्या आशिया कपमध्ये भारतीय जर्सीची छाती कोरी होती. कायद्याला आव्हानं दिली गेली, ती सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतली.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. कायदा करायलाच हवा होता, पण तीन दिवसांत नाही. आणि बंदीचा इतिहास आपल्यासमोर आहे. पावसाचा सट्टा बंद झाला, कापसाचा आला; कापसाचा आकडा थांबला, मडकं आलं. परदेशातून चालणाऱ्या बेटिंग ॲपना आपला कायदा कुठून पकडणार?

सुरुवातीला म्हटलं होतं की नवं काय ते वेगळंच आहे. मटक्याची चिठ्ठी घेणारा पानाच्या टपरीवर बसायचा. धंदा बेकायदा, माणूस काही संत नव्हे. पण त्याला गिऱ्हाईक ओळखू यायचं. पगाराच्या दिवशी कोण किती लावतो, कुणाची बायको परवा येऊन भांडून गेली, हे त्याला माहीत असायचं. कधी कधी तोच “आज घरी जा” म्हणायचा. धंदा टिकवायचा म्हणून का होईना. आपल्या डब्यातल्या ग्रुपमध्येही तेच. सुरुवातीला आमची वीस-वीस रुपयांची प्रायव्हेट लीग होती, बारा जणांची. कोण हरतोय ते सगळ्यांना दिसायचं. मग एकेक जण मोठ्या स्पर्धेकडे वळला, जिथे लाखो अनोळखी लोक. आमच्यातला एक उल्हासनगरचा मुलगा, जीन्सच्या शिलाईचं जॉबवर्क करणारा, नगावर पैसे मिळणारा. तो किती हरला ते आम्हाला वर्षभराने कळलं, त्याच्या भावाकडून. त्याच बाकावर, मांडीला मांडी लावून बसत होतो आम्ही. त्याने आवाज बंद ठेवला होता मोबाईलचा.

तो मुलगा आता ठीक आहे, कर्ज फिटत आलंय. ग्रुपही आहे. ॲपवर पैशांचं काही चालत नाही म्हटल्यावर आमच्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या काकांनी बॅगेतून वही काढली. टॉस झाला की प्रत्येकाने पाच नावं सांगायची, काका लिहून घेतात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत हिशोब. शेवटच्या नंबरने सगळ्यांना वडापाव. आता १८८७ च्या कायद्यात वडापाव बसतो का, हे मला विचारू नका. दुसऱ्या रांगेत दोन वकील बसलेत, त्यांना विचारा.